मेमधलं श्रमदान की जुलैमधलं वृक्षारोपण?

कॉलेजातली मुलं दर वर्षी हा प्रश्न विचारतात. वेळ एकाच कामाला देता येणार असेल तर मेमध्ये जलसंधारणाच्या श्रमदानाला जावं, की पाऊस पडल्यावर झाडं लावायला? मी दोन्हीकडे राबलोय आणि दोन्ही कामं गरजेची आहेत. तुमच्या भागात कोणता गट किती नेटाने काम करतो, यावरही बरंच अवलंबून आहे. तरी माझा कल विचाराल तर सांगतो.

वृक्षारोपण सोपं आहे, आणि ते सोपं असणं हा त्याचा मोठा गुण आहे. हवा छान असते, माती मऊ असते, घरची परवानगी लगेच मिळते, एका सकाळीत काम उरकतं. वनमहोत्सव १९५० पासूनचा. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी रोपांपासून सुरू झालेलं सरकारी उद्दिष्ट २०१९ पर्यंत ३३ कोटींवर गेलं, त्यामुळे हातात कधीच रोप धरलं नाही असा विद्यार्थी आता क्वचितच सापडेल. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला मी आजही हेच सुचवतो.

मला खटकली ती काळी पिशवी. रोपवाटिकेतून रोप येतं ते प्लॅस्टिकच्या काळ्या पिशवीत. ती ब्लेडने उभी चिरायची, मुळांभोवतीचा मातीचा गोळा तळहातावर पेलून अलगद खड्ड्यात ठेवायचा आणि पिशवी पोत्यात टाकायची, इतकंच. पण ब्लेड कोणाकडे नसतं आणि पोतं कोणी आणलेलं नसतं. मग कोणी पिशवी ओढून काढतो, गोळा फुटतो, बारीक मुळं तुटतात. कोणी पिशवीसकट रोप गाडून मोकळा होतो आणि मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. भाषणं आटोपून माणसं उतरू लागतात तेव्हा डोंगरावर पिशव्या उडत असतात. एका आयोजकांकडे पोती मागितली तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

पिशव्या वेचता येतात, आम्ही वेचल्याही. पण वेचता वेचता जाणवलं, की रोप नीट लागलं की नाही हे इथे कोणी कोणाला सांगतच नाही. रोप वाळतं मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा लावणारा तिथे नसतो. तो पुढच्या जुलैत येतो आणि पुन्हा तसंच लावतो. वर्षानुवर्षं झाडं लावूनही हाताला काही शिकायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

श्रमदानात असं होत नाही. निदान मी जिथे गेलो तिथे झालं नाही. समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला, पावसाचं पाणी अडवणारा लांबट खड्डा. तो खणायचा तर टिकाव उचलण्याआधी रेषा आखावी लागते. त्यासाठी ए-फ्रेम असते: दोन सारख्या लांबीचे पाय, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून सोडलेला ओळंबा. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर, मग तिथे फक्की, म्हणजे खुणेची पांढरी पूड, टाकायची. एका गावात नववीतली एक मुलगी आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना म्हणाली, “दादा, आधी फ्रेम फिरवून बघा, खूण खरी आहे का ते कळेल.” तिने दोन्ही पाय त्याच जागांवर अदलाबदल करून ठेवले. दोरी थोडी सरकली. पट्टीवर दोरीच्या आधीच्या आणि नंतरच्या जागेच्या बरोबर मध्ये तिने नवी खूण केली आणि काम सुरू झालं. ही पोरं आख्खं सेमिस्टर सर्व्हेइंग शिकून आली होती, पण तिच्यापाशी बसून त्यांनी ते पुन्हा समजून घेतलं.

शिवाय निकाल लवकर लागतो. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. पहिला दणका पाऊस झाला की जाऊन बघा. रेषा बरोबर असेल तर पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं असतं. चुकली असेल तर ते एका बाजूला गोळा होतं आणि भराव, म्हणजे चरातली माती काठावर टाकून केलेला बांध, फुटतो. कुठे फुटला, का फुटला, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि लगेच दुरुस्तही करता येतं.

त्रास आहेच. मेमधलं ऊन सोसत नाही, म्हणून सहाला सुरू करून दहाच्या आत थांबावं लागतं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, चालू होती तेव्हा १ मेच्या महाश्रमदानाला शहरातून एवढी माणसं यायची, की टिकाव-घमेली पुरायची नाहीत. स्पर्धा २०१९ नंतर थांबली, आता गावं आणि एनएसएसची शिबिरं स्वतः शोधावी लागतात. सपाट जागी जेसीबी तासाभरात पन्नास माणसांचं काम करतो, हेही खरं. माथ्याकडच्या तीव्र उतारावर मात्र माणसंच लागतात. आणि एक आक्षेप दोन्ही कामांना लागू होतो: माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे लांडगा आहे, तणमोर पक्षी आहे, चराऊ गवत आहे. तिथे सरसकट खड्डे किंवा चर खणायला बोलावलं तर आधी दोन प्रश्न विचारा.

हाती एकच सकाळ असेल तर वृक्षारोपणाला जा, पण उन्हाळाभर पाणी घालणारा गट निवडा, आणि ब्लेड व पोतं स्वतः न्या. आठवडा काढता येत असेल तर मी श्रमदानच सांगेन. जुलैत त्याच गावी पुन्हा गेलात तर चराच्या भरावावर करंज, सीताफळ, कडुनिंबाचं बी टोकता येईल. भरावाची माती भुसभुशीत असते आणि ओल टिकते, त्यामुळे बी तिथे चांगलं रुजतं.