दोमिएचे शिळाछाप घेताना: वर्तमानपत्राचे पान की पांढरी प्रत?

चित्र पसंत पडले तरी फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) याचे शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेले चित्र) विकत घेणाऱ्याला कागद ठरवायचा राहतोच. १८३५च्या कायद्यांनी फ्रान्समधील राजकीय व्यंगचित्रांना चाप लावल्यावर दोमिए वकील, घरमालक, भाडेकरू आणि सुखवस्तू पॅरिसकर यांच्याकडे वळला. ही चित्रे आज दोन रूपांत मिळतात: ‘ल शारिवारी’ या दैनिकाचे प्रत्यक्ष पान आणि संग्राहकांसाठी जाड पांढऱ्या कागदावर काढलेली, मागून कोरी प्रत.

दैनिकाचे पान स्वस्त पडते आणि सहज सापडते. त्याची खोट पाठीवर असते, कारण तिथे वर्तमानपत्राचा मजकूर आहे. पान उजेडासमोर धरले की उलट्या ओळी आरपार दिसतात. शाई झिरपली असेल तर उजेडाचीही गरज पडत नाही आणि छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे अक्षरांच्या ठशांचा, दाब जास्त झाला असेल तर बोटाला उंचवटे लागतात. वकिलाच्या काळ्या झग्यात हे खपून जाते, मोकळ्या आकाशात किंवा चेहऱ्यावर मात्र खटकते.

पांढऱ्या प्रतीत खडूचा दाणा दिसतो आणि तिचे अधिक मोल त्यासाठीच द्यायचे असते. आपल्याकडच्या जुन्या शिळाछाप पोथ्यांमध्ये शिळेवरची रेघ शाईची, एकसारखी काळी असते. दोमिएचा मेणचट खडू दगडाच्या खरबरीत पृष्ठावरून घासत गेल्यामुळे काळ्यापासून फिक्या करड्यापर्यंतच्या छटा उमटतात आणि दैनिकाच्या पातळ, पिवळसर कागदावर त्यांतील निम्म्या मिटतात.

भिंतीवर एकच चित्र लावायचे असेल तर माझा कौल पांढऱ्या प्रतीला आहे. ‘ले बाँ बूर्ज्वा’सारख्या, १८४६पासून निघालेल्या मालिकेतील बरीच चित्रे जमवायची असतील, तर दैनिकाची पाने घ्यावीत, वाचकांनी ती तशीच पाहिली होती. मात्र खालचा संवाद कापला गेलेले पान कोणत्याही किमतीला नको. हे संवाद बहुधा दोमिएने लिहिलेले नसले, तरी त्यांच्यावाचून विनोद अर्धाच राहतो. रंगीत प्रतीबाबत सावध असावे, कारण रंग पुष्कळदा नंतर भरलेले असतात.

पुठ्ठ्यावर चिकटवलेले दैनिकाचे पान पांढरी प्रत म्हणून खपू शकते, म्हणून चौकटीतून काढलेल्या पाठीचे छायाचित्र मागावे. भिंगाखाली टिंबांची सारखी जाळी दिसली, तर ते मूळ शिळाछाप नव्हे, नंतरच्या पुस्तकातून कापलेले पान आहे.