शरीरसंबंधांच्या भीतीवरील समुपदेशन : नागपूरच्या धंतोलीतील एका केंद्राचा अनुभव

धंतोलीतील ज्या केंद्रात मी गेले काही महिने जात आहे, तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक एकाच छताखाली भेटतात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. शरीरसंबंधांची धास्ती घेतलेल्या स्त्रीची ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ अशी बोळवण सर्रास होते. येथे मात्र आधी जंतुसंसर्ग, कोरडेपणा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) अशी वेदनेची शारीरिक कारणे पडताळली जातात, आणि तपासताना मी ‘थांबा’ म्हणताच डॉक्टर थांबल्या.

समुपदेशक ताईंनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे चित्र समोर ठेवून समजावले की, दुखेल या भीतीने हे स्नायू आपोआप आवळले जातात, त्यामुळे खरोखरच दुखते आणि पुढच्या वेळची भीती आणखी वाढते. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून पापणी मिटते, तसेच हे आहे. त्यात बाईचा हट्ट किंवा नवऱ्यावरचा राग शोधण्याचे कारण नाही.

त्यानंतर काही आठवडे समागम पूर्णपणे वर्ज्य करायला सांगण्यात आले. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार पतिपत्नींनी आधी हात, पाठ, केस यांनाच आळीपाळीने स्पर्श करायचा आणि पुढे काही घडलेच पाहिजे, अशी अपेक्षा धरायची नाही. माझ्या मते साऱ्या उपचारांत हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण रात्र जवळ आली की माझ्या पोटात येणारा गोळा याच काळात ओसरू लागला. श्वास सोडताना ओटीपोट सैल सोडण्याचा सराव सोबत होताच. डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला हळूहळू सवय करून देणाऱ्या गुळगुळीत कांड्या, बऱ्याच नंतर आले, तेही सर्वांत लहान आकाराचे आणि माझ्याच हाताने वापरायचे. काही बैठकींना यजमानांनाही बोलावले, आणि घाई न करणे हाही उपचारच आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळाले, ते बरे झाले.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. नोंदणीच्या टेबलावर, बाकीचे रुग्ण ऐकत असताना, ‘काय त्रास आहे?’ असे मोठ्याने विचारले गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. अशा केंद्राने तो दारापासूनच पाळायला हवा. शुल्क परवडत नसेल, तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.