ऑरोव्हिल का हिवरे बाजार, कॉपी कुणाची मारायची?

आमच्या ग्रुपात सहा जण, सगळे पुण्यात स्क्रीनसमोर बसून मान आखडलेले, दर पावसाळ्यात विषय निघतोच की जमीन घेऊ, मातीची घरं बांधू, सोलर लावू, वायफाय तर हवंच. पण कुणासारखं करायचं? दोन जागा बघून आलोय म्हणून लिहितो.

ऑरोव्हिल म्हणजे देशोदेशीच्या लोकांनी एकत्र राहायला वसवलेली वस्ती, पाँडिचेरीजवळ, १९६८ ला सुरू झाली. ठरलं होतं ५० हजारांचं शहर, राहतात तीन-साडेतीन हजार. तेव्हाचं उघडंबोडकं लाल माळरान, आता आत शिरलं की झाडीच झाडी. सोलर किचनच्या गच्चीवर १५ मीटर व्यासाची वाटी आहे, आतून सगळे आरसे, वाटी जागची हलत नाही पण वरचा, उष्णता झेलणारा रिसीव्हर सूर्यामागे फिरतो, त्या उष्णतेवर वाफ होते आणि खाली हजारेक जणांचा स्वयंपाक शिजतो. ढग आले की डिझेलचा बॉयलर! हे मला फार आवडलं, उगाच सोवळं नाही. पण घर-जमीन तुमच्या नावावर होणार नाही, हे मनाला आधीच पटवून जा. आणि भांडणं तिथंही आहेत बरं, डिसेंबर २०२१ मध्ये क्राउन रोड या मूळ नकाशातल्या गोल रस्त्यासाठी झाडं तोडायला जेसीबी आले तेव्हा तिथलेच लोक आडवे आले. नकाशा मोठा की झाड मोठं, हे ५० वर्षांत ठरलंच नव्हतं.

हिवरे बाजार हे गाव आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, पाऊस जेमतेम ४०० मिमीच्या आसपास. इथं फोटो काढण्यासारखी टेक्नॉलॉजी शून्य. डोंगरावर समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले खड्डे, आणि पर्जन्यमापक. पण पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले त्यानंतर गावानं जे बसवलं ते बघा, पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची, ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही. आमच्यातला एक म्हणतो, हे कसलं हायटेक? अरे, आकडा 'नाही' म्हणाला की अख्खं गाव गप ऐकतं, असं मशीन तुझ्या ऑफिसात आहे का?

गैरसोय अशी की बाहेरच्याला जमीन विकायची नाही असं गावानंच ठरवलंय, त्यामुळे आपण तिथं पाहुणेच. शिवाय नशाबंदी, म्हणजे आमचे दोघं पहिल्याच आठवड्यात बाद.

माझं मत, चार महिने राहून बघायचं असेल तर ऑरोव्हिलला व्हॉलंटिअर म्हणून जा, रेडीमेड आहे सगळं. स्वतःचं उभं करायचं तर हिवरे बाजारचे नियम उचला, मातीच्या विटा नंतर बघू. पुढच्या मीटिंगला सोलरचं कोटेशन आणू नका, त्या जागेशेजारच्या विहिरींना मे महिन्यात पाणी किती असतं ते विचारून या. आणि हो, शेतकरी असल्याचा पुरावा सहापैकी दोघांकडेच आहे, तेव्हा सातबारा कुणाच्या नावावर चढणार हे आधी बोलूया.