राऊटएलएलएम: रत्नागिरी-मालवणच्या प्रश्नांना कितपत पुरतं?

मच्छीमार सोसायटीसाठी किंवा बागायतदारांच्या संघासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा मदतनीस उभा करायचा, तर मोठा खर्च असतो भाषा-मॉडेलचा. नुसत्या 'नमस्कार'लाही महागडं मॉडेल जुंपलं की बिल फुगतं. राऊटएलएलएम हे त्यावरचं मुक्त-स्रोत साधन. बर्कलीच्या एलएमसिस गटाने ते २०२४ मध्ये खुलं केलं. आलेला प्रश्न महाग मॉडेलकडे धाडायचा की स्वस्त, एवढं एकच काम ते करतं, आणि ते काम चांगलं करतं. गटाने दिलेल्या आकड्यांनुसार एमटी-बेंच या संभाषणाच्या चाचणीत जीपीटी-४ ची ९५ टक्के गुणवत्ता राखून खर्च ८५ टक्क्यांहून अधिक घटला. एमएमएलयू या अनेक विषयांच्या पर्यायी प्रश्नांच्या चाचणीवर ही बचत ४५ टक्के, जीएसएम८के या शालेय गणितांच्या चाचणीवर ३५. मात्र या चाचण्या इंग्रजीतल्या आहेत. मराठीसाठी यातला कुठलाही आकडा गृहीत धरू नका.

बसवणं सोपं आहे. पायथनचं पॅकेज घ्यायचं, दोन मॉडेलांची नावं द्यायची, राऊटर (प्रश्नाला गुण देऊन वाट ठरवणारा भाग) म्हणून 'एमएफ' हा प्रकार निवडायचा आणि उंबरठा ठरवायचा, म्हणजे किती गुणांपासून वरचे प्रश्न महाग मॉडेलकडे जातील ती रेघ. माहितीपत्रकातल्या उदाहरणात ०.११५९३ हा उंबरठा आहे. त्यावर निम्मे प्रश्न मोठ्या मॉडेलकडे जातात. पण ते निम्मे म्हणजे चॅटबॉट अरीना या मॉडेलांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रश्नांपैकी निम्मे. तोच आकडा मालवणीमिश्रित मराठीवर लावला तर प्रमाण कुठल्या कुठे जाऊ शकतं. स्वतःकडचे दोन-तीनशे खरे प्रश्न राऊटरमधून काढा, मिळालेले गुण उतरत्या क्रमाने लावा आणि खिशाला परवडेल तिथे रेघ मारा. आणखी एक: दोन्ही मॉडेलं स्वतःच्या संगणकावर चालवली, तरी 'एमएफ'ला प्रश्नाचं एम्बेडिंग (अर्थाचं आकड्यांतलं रूप) काढायला ओपनएआयची एपीआय-की, म्हणजे त्यांची सेवा वापरायची चावी, लागतेच.

राऊटर फक्त शेवटचा संदेश पाहतो. आधी वाऱ्याविषयी विचारलं आणि मग नुसतं 'आणि परवा?' असं लिहिलं, तर तो दोन शब्दांचा प्रश्न किरकोळ समजला जाऊन स्वस्त मॉडेलकडे जाण्याचा धोका असतो. उपाय आपणच करायचा. राऊटरला दाखवण्यापुरता मागचा प्रश्न पुढच्याला जोडायचा.

पण कोकणातल्या वापराची खरी अडचण याच्याही आधी आहे. प्रश्न किती अवघड आहे हे राऊटएलएलएम मोजतं, उत्तर कुठे ठेवलेलं आहे हे त्याला ठाऊक नसतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक घ्या. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. जुन्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल, लहान असो की मोठं, जुनीच तारीख ठामपणे सांगेल. मासेमारीबंदीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै ही सवयीची मुदत सांगून भागत नाही, त्या वर्षीचा शासन आदेशच दाखवायला हवा.

हापूसला मोहोर यावा म्हणून देतात त्या कल्टार या औषधाचं प्रमाण तर मॉडेलकडे सोडूच नये. शिफारस आहे झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारातलं २५ टक्क्यांचं औषध ३ मिली. '०.७५'चे मिली झाले तर मात्रा चौथाई पडते आणि '३'चे ग्रॅम क्रियाशील घटक झाले तर चौपट. उत्तराची भाषा दोन्ही वेळा तितकीच सफाईदार असते, म्हणून चूक नजरेतून सुटते. इथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं वाक्य जसंच्या तसं पाठवावं.

भरतीचा प्रश्न मधला आहे. तिथीची पाऊणपट हा आपला हिशोब मॉडेलला शिकवता येतो: अष्टमी, आठची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास. कालवं काढायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. खाडीच्या मुखातून भरलेली होडी आत घ्यायची असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा तक्ताच हवा, तोही जवळच्या बंदराचा.

म्हणून राऊटएलएलएमच्या पुढे एक दारवान बसवावा लागतो. वारा, लाटा, भरती, औषधाची मात्रा, गाडीची वेळ, बंदी: यातलं काही दिसलं की प्रश्न थेट स्रोताकडे, उरलेले राऊटरकडे. शब्दांची यादी मराठी, मालवणी आणि रोमन लिपीतही ठेवा, कारण 'दर्यात जावचा काय?' असाही प्रश्न येणार. एक खोच हमखास चकवते. 'वाऱ्याचा', 'किनाऱ्यावर' यातला 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: वेगळं ऱ हे अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण शब्द जुळत नाही आणि वादळाचा प्रश्न मॉडेलकडे जातो. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण हे दोन एकत्र करत नाही, ती अदलाबदल हाताने लिहावी लागते.

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज किंवा हवामान खात्याचा इशारा मॉडेलकडून 'सोपा' करून घेऊ नका. अंदाजात दिलेली लाटांची उंची ही बहुधा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते. 'लाटा २ मीटरपर्यंत' असं सोपं वाक्य झालं की नेमकं हेच हरवतं. इशाऱ्याची वेळ आणि तारीख वर, मजकूर खाली, त्यात बदल नाही.

स्रोत बंद पडला तर? राऊटएलएलएमच्या सवयीने प्रश्न दुसऱ्या मॉडेलकडे वळवायचा मोह होतो. समुद्राच्या प्रश्नाला ती वाट बंदच ठेवा. 'अंदाज मिळाला नाही, शेवटचा अंदाज सकाळी अमुक वाजताचा' एवढंच जावं.

पत्र लिहून देणं, योजनेचा अर्ज समजावणं, काजूच्या रोपवाटिकेचा हिशोब मांडणं, यांसाठी राऊटएलएलएम जरूर घ्यावं, पैसे वाचतील. फक्त दारवान आधी लिहा, उंबरठा नंतर जुळवा. दारवानाने बाजूला काढलेले प्रश्न उंबरठ्याच्या हिशोबात राहिले, तर काढलेली रेघ पुन्हा चुकीचीच पडते.