राहिलेलं अर्धं केमिस्ट्री क्रेडिट घरी पूर्ण केलं: किट, फुकटचं पुस्तक आणि सीबीई, सात-आठ महिने वापरून

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्हाला यातलं किती लागू पडतं ते लगेच कळेल. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला राहतो. लेक टेन्थला असताना जानेवारीनंतर तिला मोनो (एक विषाणूजन्य आजार) झाला, ताप गेला पण थकवा काही जाईना, आठवड्यातून दोन दिवस शाळेत गेली तरी आम्ही खूश. टेक्सासचा नियम असा आहे की वर्ग जितके दिवस भरला त्याच्या ९० टक्के हजेरी नसेल तर मार्क कितीही असू देत, क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) अडकतं. बाकीचे विषय शाळेच्या कमिटीपुढे जाऊन, जास्तीचं काम करून सुटले. केमिस्ट्री सुटली नाही कारण लॅब राहिल्या होत्या, आणि लॅब काही अंथरुणात बसून पीडीएफ भरून होत नाहीत. म्हणजे फॉल (पहिल्या) सेमिस्टरचं अर्धं क्रेडिट हातात आणि स्प्रिंगचं (दुसऱ्याचं) अर्धं लटकलेलं. भारतातल्या मंडळींना एका शब्दात सांगायचं तर एटीकेटी. उन्हाळ्यात तिला शाळेतून काढून होमस्कूल सुरू केलं (त्यावर गणपतीत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते पुन्हा कधीतरी) आणि ते अर्धं क्रेडिट आमच्या गळ्यात आलं.

आता इथली गंमत बघा. टेक्सासमध्ये होमस्कूल म्हणजे कायद्याने एक खाजगी शाळाच, १९९४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने लीपर केसमध्ये ते पक्कं केलं. कुठे नोंदणी नाही, वर्षाची परीक्षा नाही, कुणी तपासायला येत नाही. शिकवायलाच हवेत असे विषय पाच: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. सायन्स त्या यादीत नाहीच! त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट (विषय, ग्रेड आणि क्रेडिटचा तक्ता) मी करणार, त्यावर ‘केमिस्ट्री, ०.५ क्रेडिट’ मी टाइप करणार आणि खाली सही पण माझीच. ऐकायला मस्त वाटतं, पण क्रेडिट द्यायला आपण मोकळे असलो तरी ते मानणारा कुणीतरी दुसराच असतो, आणि तो कोण आहे हे ठरल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजला जाताना बहुतेक ठिकाणी आईबापांनी केलेली ट्रान्सक्रिप्ट आणि कोर्सचं वर्णन चालतं, इथल्या सरकारी युनिव्हर्सिटींनी तर होमस्कूलवाल्यांना बाकीच्यांसारखंच वागवायचं असा कायदाच आहे. पण मूल परत पब्लिक हायस्कूलला जाणार असेल तर ती शाळा तुमचं काम बघणार, वाटलं तर परीक्षा घेणार. आमची लेक ट्वेल्थला परत जाईन म्हणत होती (अजून म्हणते, सोमवारी हो, गुरुवारी नाही), त्यामुळे आम्हाला बाहेरचा एखादा शिक्का हवाच होता.

तो शिक्का म्हणजे क्रेडिट बाय एक्झाम, सगळे सीबीई म्हणतात. टेक्सास टेक आणि यूटी ऑस्टिन दोन्हीकडून घेतली जाते, आणि आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सेमिस्टरनुसार वेगळी देता येते. विषय आधी शिकून झालेला असेल आणि राहिलेलं क्रेडिट मिळवायचं असेल तर ७० टक्के लागतात, अजिबात न शिकता थेट उडी मारायची असेल तर ८०. दुसरा रस्ता कम्युनिटी कॉलेजचा होता, ड्युअल क्रेडिट (एकाच कोर्सचं कॉलेज आणि हायस्कूल दोन्हीकडे क्रेडिट), केम १३११ आणि त्याची लॅब १११. नाही नाही, ११११. तिथल्या एका सेमिस्टरचं होमस्कूलवाले सहसा हायस्कूलचं पूर्ण एक क्रेडिट धरतात आणि खरी लॅब मिळते, मोह झाला होता. पण तिथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची बसते, आणि दुपारी दोनला झोप लागणाऱ्या पोरीला मी ती रिस्क घ्यायला लावणार नव्हते. तब्येत ठणठणीत असलेल्या मुलांसाठी मात्र तोच रस्ता चांगला. वर्षभराचे ऑनलाइन कोर्सही बघितले, पण अर्ध्या क्रेडिटसाठी पूर्ण वर्षाची फी भरून अणूच्या रचनेपासून परत सुरुवात, कशाला?

किती शिकवायचं? अमेरिकेत जुना हिशोब कार्नेगी युनिटचा, १२० तास म्हणजे एक युनिट, म्हणजे अर्ध्याला ६०. इथल्या पब्लिक हायस्कूलला सायन्सचा किमान ४० टक्के वेळ लॅब आणि फील्डवर्कला द्यायला लागतो. आम्हाला ते बंधन नाही, पण तेच माप धरलं, म्हणजे २४ तास हाताने केलेलं काम. हा आकडा फ्रिजवर लावल्यामुळे एक झालं, ‘आज फक्त व्हिडिओ बघते ना’ला आपोआप उत्तर मिळायला लागलं.

पुस्तक ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्री टू ई, राइस युनिव्हर्सिटीचं, म्हणजे आमच्या ह्यूस्टनचंच, पीडीएफ पूर्ण फुकट. ते कॉलेजसाठी लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वापरायचं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नाही. शाळेच्या स्प्रिंगच्या यादीशी जुळवून आम्ही प्रकरण ४ स्टॉइकिओमेट्री (अभिक्रियेतल्या प्रमाणांचे हिशोब), ५ थर्मोकेमिस्ट्री, ९ गॅसेस, ११ सोल्यूशन्स, १४ मधला पीएचपर्यंतचाच भाग आणि २१ न्यूक्लिअरची सुरुवात एवढंच घेतलं. सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत आणि प्रत्येकाखाली तसंच एक आपल्याला करायला दिलेलं असतं, ते मला फार आवडलं. जिथे अडलं तिथे खान अकॅडमी.

फेटची सिम्युलेशन्स, कोलोराडो युनिव्हर्सिटीची, ती पण फुकट आणि ती मी डोळे झाकून रेकमेंड करते. लिमिटिंग रिएक्टंट (अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो तो) हा प्रकार तिच्या डोक्यात बसत नव्हता, त्यांच्याकडे ब्रेड आणि चीजची सँडविच बनवायचा एक खेळ आहे, आधी सँडविच मग त्याच स्क्रीनवर खरे रेणू, एका संध्याकाळी बसलं. काही सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, माझी आई इथे आली होती तेव्हा तिने पीएचवालं मराठीत उघडून कॉफी, दूध, साबण सगळ्यांचे पीएच बघून घेतले आणि तुमची कॉफी आम्लच आहे म्हणून माझ्या नवऱ्याला ॲसिडिटीवर लेक्चर दिलं. पण सिम्युलेशनचे तास मी त्या २४ मध्ये धरले नाहीत. माउसने ओतलेलं कधी सांडत नाही.

आता किट. नाव लिहीत नाही, कारण एकाच किटच्या अनुभवावरून कंपनीला बरं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही, आणि यातल्या अर्ध्या तक्रारी कुठल्याही किटला लागू असतील असं वाटतं. सव्वाशे डॉलरच्या आत होतं. काचेचं सामान चांगलं निघालं, अजून एकही फुटलेलं नाही. गॉगल बरे. इलेक्ट्रॉनिक बॅलन्स ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, अर्धा ग्रॅम पावडर मोजताना त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. ब्युरेट (द्रावण थेंबथेंब मोजून सोडायची नळी) नाही, त्याऐवजी १० एमएलची सिरिंज. व्हिडिओ म्हणजे एक माणूस मॅन्युअल मोठ्याने वाचतो.

मॅन्युअलचा मोठा दोष असा की प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘तुम्हाला हे दिसेल’ असं आधीच छापलेलं आहे. मग पोरं तेच बघतात! आपण नाही का बारावीला रीडिंग आधी ठरवून जर्नल मागाहून रंगवायचो, तसंच. मी त्या ओळींवर मास्किंग टेप लावून टाकला.

व्हिनेगरच्या टायट्रेशनचं (एक द्रावण मोजून सोडत दुसऱ्याचं बळ काढायचं, त्याचं) सविस्तर सांगते, कारण पैसे तिथेच वसूल झाले. बाटलीवर ५ टक्के ॲसिडिटी लिहिलेली असते, म्हणजे साधारण ०.८३ मोलर (एका लिटरमध्ये ०.८३ मोल ॲसिड). एक एमएल व्हिनेगर, त्यात पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या इंडिकेटरचे) दोन थेंब, आणि सिरिंजने किटमधलं ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जायचं. ८.३ एमएलच्या आसपास फिका गुलाबी रंग येऊन टिकायला हवा. सप्टेंबरात केलं तेव्हा तसं आलं. डिसेंबरात रिपोर्ट नीट लिहायचा म्हणून तिने परत केलं तर साडेनऊ! हिशोब केला तर व्हिनेगर ५.७ टक्के. व्हिनेगरची नवी बाटली आणली, तेच. सिरिंज बदलली, तेच. मॅन्युअलमध्ये यावर अवाक्षर नाही. मग ती दोन दिवस त्याच्यामागे लागली आणि तिनेच शोधलं की सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्या बाटलीचं झाकण धड बसत नव्हतं, म्हणजे लेबलवर ०.१ असलं तरी आतलं तेवढं उरलेलंच नव्हतं, म्हणून जास्त ओतावं लागत होतं आणि हिशोबात व्हिनेगर उगाच तगडं दिसत होतं. मी म्हटलं आम्ही बारावीला आधी ऑक्झॅलिक ॲसिडने अल्कली तपासून घ्यायचो, का ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि पिपेट तोंडाने ओढायचो हे ऐकून तिने जो चेहरा केला तो फोटो काढण्यासारखा होता. शेवटी तेच केलं, ऑक्झॅलिक ॲसिड वेगळं मागवलं, बाटलीचं खरं बळ काढलं, जुनी रीडिंग त्याने दुरुस्त केली तर व्हिनेगर परत पाचच्या जवळ येऊन बसलं. तिच्या लॅब नोटबुकमधली ती चार पानं मी ट्रान्सक्रिप्टसोबतच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहेत.

बाकीचे प्रयोग ठीकठाक. स्टायरोफोमच्या कपातली कॅलरीमेट्री (उष्णता मोजणं) छान होते, अमोनियम क्लोराइड विरघळवलं की कप हाताला गार लागतो. सिरिंजवर वजनं ठेवून बॉइलचा नियम (दाब वाढला की हवेचं आकारमान घटतं), बरा. इंडिकेटर म्हणून मॅन्युअल रेड कॅबेज उकळायला सांगतं, आम्ही हळदीचे कागद पण केले, साबणाच्या पाण्यात लाल होतात, पण ॲसिडमध्ये पिवळ्याचे पिवळेच राहतात, त्यामुळे कॅबेज जिंकली. ऑगस्टमध्ये गराज वापरू नका, ह्यूस्टनच्या उकाड्यात २५ डिग्रीला असलेला मॅन्युअलचा एकही आकडा जुळत नाही, आम्ही लवकरच डायनिंग टेबलवर आलो, जुनी चादर टाकून. कॉपर सल्फेट वगैरे सिंकमध्ये ओतायचं नाही, एका बरणीत साठवायचं आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यायचं, हे मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, पहिल्यावर हवं होतं.

परीक्षा मार्चमध्ये दिली, प्रॉक्टर (लक्ष ठेवणारा) समोर. प्रश्न सरळ होते पण वेगाने सुटायला हवेत, मोलचे हिशोब जास्त. ८४ आले. लॅबवर थेट फार काही विचारलं नाही, त्यामुळे नुसत्या सीबीईसाठी किटची गरज नाही, पुस्तक आणि फेटवर भागेल हे मान्यच करावं लागेल. पण कॉलेजच्या कोर्स डिस्क्रिप्शनमध्ये ‘विथ लॅब’ लिहायचं तर नोटबुक दाखवता आलं पाहिजे, म्हणून दोन्ही. ट्रान्सक्रिप्टवर फॉलचं अर्धं आधीच्या शाळेचं म्हणून तसंच ठेवलं, त्यांची ऑफिशियल कॉपी सोबत, आणि स्प्रिंगचं अर्धं होमस्कूल म्हणून वेगळ्या ओळीत, शेजारी सीबीईचा स्कोअर. दोन्ही मिसळून एक क्रेडिट दाखवू नका, बघणाऱ्याला उगाच शंका येते.

किट कुणी घेऊ नये? ज्यांच्या घरी दुपारी कुणीच मोठं माणूस नसतं त्यांनी. नवव्या-दहाव्या वर्षीच्या धाकट्या भावंडांचा वावर असेल तर फिनॉल्फ्थॅलिनपासून सगळं कुलपात. आणि ज्यांना अख्खं क्रेडिट करायचंय त्यांनी कम्युनिटी कॉलेजचा आधी विचार करा, घरी १२० तास ओढणं हे नोकरी करणाऱ्या आईबापांचं काम नाही.

आमचं किट आता नुसतंच पडून आहे. केटी, सायप्रस, शुगरलँडकडे कुणाला हवं असेल तर बीकर, गॉगल, सिरिंजा सगळं देऊन टाकेन. बॅलन्स मिळणार नाही, नवऱ्याने त्यावर कॉफी मोजायला सुरुवात केली आहे, त्याला ०.१ ग्रॅम पुरतं म्हणे.