जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके देते: आधी इलेक्ट्रिशियन, कंपनी की गिअरबॉक्सचे गॅरेज?

दहा-बारा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवरून निघताना जड वाटू लागली, गिअर बदलताना झटका देऊ लागली किंवा डॅशबोर्डवरचा ‘डी’ लुकलुकू लागला, की पुण्यातल्या मालकापुढे तीन वाटा असतात: कंपनीचे सर्व्हिस सेंटर, गाड्यांचे वायरिंग पाहणारा ऑटो इलेक्ट्रिशियन आणि फक्त गिअरबॉक्सची कामे करणारे गॅरेज. यांतल्या कोणाकडे आधी जायचे यावर पुढचा बराचसा खर्च ठरतो, कारण गाडी ज्याच्याकडे प्रथम जाते तो आपल्या कामातला दोष आधी शोधतो.

मुळात गोंधळ होतो तो गिअरबॉक्सच्या रचनेमुळे. आत तेलाच्या दाबाने क्लच पकडले जातात, पण तो दाब कुठे सोडायचा हे विजेवर चालणारे सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडणारे-बंद करणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात आणि त्यांना हुकूम देणारा संगणक वेगाच्या सेन्सरवर व बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. यांपैकी कशातही शंका आली की तो संगणक गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, अडकवून ठेवतो. त्यामुळे झिजलेले क्लच आणि गंजलेली एक वायर ही दोन्ही दुखणी चालकाच्या सीटवरून जवळपास सारखीच भासतात.

माझी २००९ सालची गाडी जुलैच्या पावसात कात्रजचा जुना घाट चढताना अशीच तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती नेली तिथे स्कॅनर लावून पी०७०० हा कोड काढला गेला आणि गिअरबॉक्स बदलण्याचे एस्टिमेट हातात पडले. गाडी विकून जेवढे पैसे आले असते त्याच्या निम्म्याहून ती रक्कम अधिक होती. त्यानंतर नाना पेठेत सुट्या भागांच्या बाजाराजवळ बसणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली व मला सेल्फ मारायला सांगितले. आकडा ०.९ व्होल्टवर गेला. तिथे तो ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली राहायला हवा. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी त्यांनी वाकवून दाखवली, तेव्हा आवरणाखालून हिरवी भुकटी गळाली आणि तांब्याच्या मोजक्याच तारा शाबूत दिसल्या. पट्टी बदलल्यावर तो कोड परत आला नाही.

या अनुभवावरून सर्व्हिस सेंटर टाळावे असे मी म्हणणार नाही. पी०७०० या कोडचा अर्थ फक्त एवढाच असतो की गिअरबॉक्सच्या संगणकाने स्वतःकडे एक तक्रार नोंदवली आहे. ती तक्रार कोणती, हे त्या संगणकाला वेगळे विचारावे लागते. तिथे पी०७२० निघाला तर बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचे सर्किट तपासायचे, पी०७३० निघाला तर गिअर खरोखर घसरत असण्याची शक्यता धरायची, आणि जोडीला इंजिनच्या संगणकात पी०५६२ असेल तर व्होल्टेज कमी पडते आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा इंजिनच्या संगणकापलीकडे पोहोचत नाहीत. शिवाय आपल्याकडे कारसाठी ओबीडी-२ ची, म्हणजे दोषांचे कोड बाहेरच्या स्कॅनरला सांगण्याच्या ठरावीक पद्धतीची, सक्ती एप्रिल २०१३ पासून झाली, त्यामुळे त्याआधीच्या कित्येक गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट असूनही असा स्कॅनर गप्प बसतो. कंपनीचा स्कॅनर सगळे संगणक वाचतो, चालत्या गाडीतले आकडे दाखवतो आणि एकेक सोलेनॉइड चालू-बंद करून पाहू शकतो. म्हणून तिथे फक्त तपासणीचे पैसे भरून सर्व कोड छापून घ्यावेत आणि दुरुस्तीचा निर्णय घरी येऊन घ्यावा, असे माझे मत आहे. मधूनच येणारा आणि मधूनच जाणारा दोष शोधत तासन्‌तास वायरी हलवून पाहण्याची सवड त्या व्यवस्थेत नसते. तिथे भाग बदलण्याकडे कल असतो.

ती सवड इलेक्ट्रिशियनकडे असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेले हार्नेस (वायरींचे जुडगे), पावसाळ्यात पाणी शिरलेले कनेक्टर, रात्रभर बॅटरी उतरवणारी एखादी रिले ही त्यांची रोजची कामे आहेत. गाडी बंद करून संगणक झोपी गेल्यावर, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, बॅटरीतून ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात असेल तर ते एकेक फ्यूज काढून चोर शोधतात. त्यांच्याकडे जाण्याआधी साधा मल्टिमीटर घेऊन घरीच काही मोजमापे करता येतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो आणि १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी असते; सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये; इंजिन चालू असताना तो साधारणपणे १३.८ ते १४.४ दरम्यान राहावा. चालू इंजिनवर मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या मापावर) ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता असते, आणि अशी अशुद्ध वीज गिअरबॉक्सच्या संगणकाला फार त्रास देते.

मात्र काही लक्षणे दिसली तर इलेक्ट्रिशियनकडे एक दिवसही घालवू नये. माझ्या मेव्हण्यांच्या गाडीत महिनाभर सेन्सर बदलले गेले आणि गिअरबॉक्सचे तेल कोणी हुंगूनही पाहिले नव्हते. डिपस्टिक पांढऱ्या कापडावर पुसली तेव्हा लाल तेलाऐवजी काळपट तपकिरी डाग उमटला आणि जळका वास आला. गाडी थंड असताना नीट चालायची आणि खंबाटकी घाटात तापली की इंजिन नुसते गरगरायचे, वेग वाढत नसे. हे क्लच जळाल्याचे लक्षण आहे. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरचे पाणी आत आले असे समजावे आणि गाडी चालवणे तिथेच थांबवावे. गिअरबॉक्सच्या गॅरेजला मात्र, बॉक्स उतरवण्याआधी तेलाच्या दाबाचा आकडा मोजून दाखवा आणि तळाचे पॅन उघडल्यावर चुंबक मला पाहू द्या, एवढे सांगावे. चुंबकावर राखाडी बारीक लगदा असणे साहजिक आहे; धातूचे तुकडे दिसले तर काम खरोखरच मोठे आहे.

मॅन्युअल गाडीत हा पेच फारसा येत नाही, क्लच प्लेट आणि वीज यांचा संबंध नसतो. एएमटीचे, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर संगणकच बदलतो अशा गाड्यांचे, मात्र वेगळे आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या या गाड्या आता जुन्या होऊ लागल्या आहेत, आणि त्यांत क्लच बदलल्यावर त्याची नवी स्थिती संगणकाला स्कॅनरनेच शिकवावी लागते. त्यामुळे बॅटरी व ब्रेकचा स्विच ठीक असल्याची खात्री झाली की एएमटीसाठी मी सर्व्हिस सेंटरलाच पहिली पसंती देईन.

गाडी चौदाव्या वर्षात असेल तर गिअरबॉक्स उघडण्यास होकार देण्याआधी आरटीओतल्या नूतनीकरणाचा विचारही करावा, कारण पंधराव्या वर्षी फिटनेससाठी पत्रा, ब्रेक आणि धूर यांवर वेगळा खर्च येतो. आणि यांपैकी कोणाकडेही गेलात तरी जॉब कार्डवर ‘गिअर झटका देतो’ एवढेच लिहू देऊ नका. गाडी थंड होती की तापलेली, कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना झटका बसला, त्या वेळी एसी, दिवे आणि वायपर चालू होते का, आदल्या रात्री पाऊस झाला होता का, हे शब्दशः लिहून घ्या. दिवे आणि वायपर चालू असतानाच झटका बसत असेल, तर त्या ओळीवरूनच चांगला मेकॅनिक आधी बॅटरीच्या ट्रेखाली हात घालतो.