कादंबरी स्पर्धेला पाठवावी की थेट प्रकाशकाकडे?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या कपाटात एक अर्धी कादंबरी पडलेली असतेच. कुणाची खोतांच्या वाड्यावरची, कुणाची चाकरमान्याची, कुणाची बंदरावरच्या पोरीची. मग व्हॉट्सअ‍ॅपवर कादंबरी लेखन स्पर्धेचं पोस्टर येतं, बक्षिसाचा आकडा ठळक अक्षरांत, आणि प्रश्न पडतो: पाठवावी का?

माझं मत आधीच सांगून टाकते. कादंबरी अर्धी असेल तर स्पर्धा कामाची. पुरी झाली असेल आणि दोन-चार चोखंदळ माणसांनी वाचली असेल, तर स्पर्धेत अडकवून ठेवण्यापेक्षा प्रकाशकाचं दार वाजवलेलं बरं.

एक घोटाळा मात्र आधी निस्तरू. स्पर्धा वेगळी, पुरस्कार वेगळा. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी एक पुरस्कार आहे आणि तो आपल्या दापोलीकडच्या श्री. ना. पेंडश्यांच्या नावानं दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, वयाची अट पस्तिशीच्या आतली, रक्कम ५० हजार. कोकण मराठी साहित्य परिषदही दरवर्षी पुरस्कार देते. पण हे सगळं छापील पुस्तकाला. वही घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

अर्धी कादंबरी असलेल्या माणसाला बक्षीस नको असतं, तारीख हवी असते. 'नॅनोरायमो' नावाचा अमेरिकी उपक्रम याच गरजेवर चालला. १९९९ मध्ये २१ जणांनी सुरू केला, पुढे जगभर पसरला. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५० हजार शब्द लिहायचे, म्हणजे रोज साधारण १,६६७. परीक्षक नाही, पहिला-दुसरा नाही. आकडा गाठला तो जिंकला. २०२५ मध्ये ती संस्था बंद पडली, पण कल्पना कुणाच्या मालकीची थोडीच आहे!

अडचण फक्त नोव्हेंबरची. आपल्याकडे तेव्हा भात कापून झोडणं चाललेलं असतं, बागायतदाराचं लक्ष मोहोराकडे, आणि जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतारात जातात. त्यापेक्षा १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस घ्या. रोज ८०० शब्द धरले तरी ४८,८०० होतात. लावणीचे आठ-दहा दिवस हातून जाणारच, ते हिशेबात धरून रोजचा आकडा थोडा वाढवा. वीज गेली तर वही आहेच. गणपतीला चाकरमानी यायच्या आत पहिला खर्डा हातात. सोबतीला दोघं-तिघं मिळाले आणि रविवारी एकमेकांना आकडे कळवले, तर कुठल्याही स्पर्धेतून मिळणारा मुख्य फायदा फुकटात झाला.

आता पूर्ण हस्तलिखित मागवणारी स्पर्धा. इथे बक्षिसाची रक्कम मिळते, वर्तमानपत्रात नाव येतं, आयोजक प्रकाशक असेल तर पुस्तकही निघतं. पण हे एकाला, फार तर तिघांना. बाकीच्यांना बहुतेक वेळा अभिप्रायाची एक ओळही येत नाही. परीक्षकानं विसाव्या पानावर खाली ठेवली की शेवटपर्यंत वाचली, हे कळायला मार्ग नाही. प्रकाशकाकडेही महिनोन्‌महिने थांबावं लागतं, नकारही येतो. पण होकार आला तर संपादक हस्तलिखितावर काम करायला बसतो. मालवणीत लिहिणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. "खंय गेललंस रे? आवशीन कितक्या हाका मारल्यान!" अशा संवादांची पानंच्या पानं असतील, तर कोकणाबाहेरच्या परीक्षकाला त्या गठ्ठ्यात थांबून अर्थ लावायला वेळ नसतो. संपादकाशी मात्र भांडता येतं: हे ठेवू, ते सोपं करू, निवेदन प्रमाण मराठीत घेऊ.

परीक्षकांचा नकार किती मनावर घ्यायचा? जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लेखनाला बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं होतं. कमिटीनं ते नाकारलं आणि ते छापून आलं १९७९ मध्ये. (आपली नाकारलेली कादंबरीही त्याच तोलाची, असा अर्थ मात्र लगेच काढू नये.)

स्पर्धेची खरी पारख बक्षिसावर नाही, नियमावलीत होते. "सहभागी सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील" असं वाक्य दिसलं की तिथेच थांबा. सर्व म्हणजे हरलेल्यांचंसुद्धा. उद्या त्यावर वेबसिरीज निघाली तर तुम्ही घरी बसून बघायची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून प्रवेशिकेवर सही करताना ती नुसती हजेरी समजू नये. नियम मोघम असतील तर ईमेलनं विचारा: हक्क फक्त विजेत्याचे की सगळ्यांचे, किती वर्षांसाठी, छापील पुस्तकापुरते की चित्रपटासकट? उत्तर लेखी आलं नाही तर पाठवू नका.

प्रवेश फी असली म्हणून स्पर्धा लबाड ठरत नाही. परीक्षकांची नावं आधी जाहीर असतील तर माफक फी मी चालवून घेईन. पण "आपली कादंबरी निवडली गेली, आता शंभर प्रती विकत घ्या" असा फोन आला तर ते बक्षीस नव्हे, आपल्याच पैशानं पुस्तक काढणं आहे. ते करायचंच असेल तर स्वतः करा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो.

'प्रतिलिपी'सारख्या अ‍ॅपवरच्या स्पर्धांची तऱ्हा निराळी. भागागणिक वाचकांच्या प्रतिक्रिया मिळतात, आणि मालवणसारख्या ठिकाणी बसून मराठवाड्यातला वाचक मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला धक्का द्यावा लागतो. पावसासारखी संथ पडत राहणारी कादंबरी मागे पडते. शिवाय अ‍ॅपवर टाकलेली कादंबरी पुष्कळ आयोजक 'अप्रकाशित' धरत नाहीत.

पूर्ण झालेल्या पहिल्या कादंबरीसाठी स्पर्धेआधी एक दार ठोठवावं: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. मंडळ हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञांकडून तपासून घेतं आणि निवडलेल्यांच्या प्रकाशनाला अनुदान देतं. इथे पहिला नंबर एकच असतो असं नाही, म्हणून मला ती स्पर्धेपेक्षा सरस वाटते.

कुठेही पाठवा, फाइल युनिकोडमध्ये हवी. तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप करून दिली तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसत्या अगम्य खुणा उमटू शकतात. आणि स्पर्धेला पाठवलीच, तर निकालाची तारीख डायरीत लिहून ठेवा. ती उलटून दोन महिने गेले तरी कुणी काही कळवलं नाही, तर हस्तलिखित मागे घेत असल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवा आणि प्रकाशकाकडे जायला मोकळे व्हा.